ग्लायडरच्या ट्रेलरचे टायर
नव्या रबराचा वास आला की घाटकोपरचे एक टायरचे दुकान आठवते. सत्तरच्या दशकात आमच्या क्लबचे एकुलते एक लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, मुलुंडला दुरुस्त करून ट्रेलरवरून पुण्याला न्यायचे होते. झिजलेल्या टायरांवर ट्रेलर घाटकोपरपर्यंत डुलतच आला. घाटात तसा डुलला असता तर ग्लायडर दरीत गेले असते. धक्के बसू नयेत म्हणून मी मऊ टायर मागितले, हवाही कमी भरायला सांगितली. मालवणी दुकानदार म्हणाला, "साहेब, लाड करताय की वाट लावताय? मऊ टायरवर हा आणखी डुलणार. कडक घ्या, हवा पूर्ण भरा, आणि मागची अवजारांची पेटी पुढे घ्या." तसे केले आणि ट्रेलर घाट सरळ चढला. पुण्यात क्लबच्या प्रमुखांनी विचारले, टायर कुणी निवडले? मी माझे नाव सांगितले. ती चूक आज सुधारतो आहे: टायर त्या दुकानदाराने निवडले होते.