एकोणिसावी घागर

तारीख: दुष्काळाचं दुसरं वर्ष, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार, उपासना सुटल्यावर. रक्कम: अठरा घागरी पाणी. हजर: दूध सोसायटीचे चेअरमन, त्यांचा गडी, आमचे पाळकसाहेब आणि मी. सासू वीस पावलांवर घरात, हगवणीने पडलेली.

गड्याने स्वतःचा दोर, स्वतःचा पोहरा सोडला. पहिली घागर शेंदली आणि सगळीच्या सगळी कठड्यावर ओतली. दगड घासून धुतला. आम्ही शिवलेला दगड. पाणी वाहत माझ्या पायांपर्यंत आलं.

तलवाड्याच्या बाजूचं आमचं गाव. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या, तरी आमची मूळची जात गाव विसरलं नव्हतं. गावाच्या आडावर आम्हाला कधी दोर टाकू दिला नाही. पण त्या वर्षी तो आड आटला आणि चर्चमागची आमची विहीर दिवसाला साठ घागरी देत राहिली. घरं बारा. घराला पाच.

मग चेअरमन पाळकसाहेबांकडे आले. घरात प्यायला पाणी नाही म्हणाले. पाळकसाहेबांनी वेदीपुढे उभं राहून सांगितलं, वैऱ्यावरही प्रीती करायची, हीच आपली ओळख. मंडळी हो म्हणाली. मीही म्हणाले. सातवी शिकलेली मी एकटीच, म्हणून पाण्याच्या नंबरांची वही माझ्याकडे. एक ते अठरा नंबर मीच त्यांना दिले. पाहुण्याला आधी, या समजुतीने. चूक आमची, आणि अक्षर माझं. आम्हाला उरल्या बेचाळीस. घराला साडेतीन.

पाणी त्यांच्या जर्सी गाईंना जात होतं. तेही मी सोडून दिलं असतं. गाईसुद्धा तहानतात. पण कठडा रोज धुतला जात होता आणि ती घागर वहीत नव्हती.

त्या रविवारी, नवव्या दिवशी, मी विचारलं, ही एकोणिसावी कुणाच्या नावावर लिहू.

चेअरमन हसले. "तुमचा देव दुश्मनावर बी प्रेम करा म्हंतो न्हवं? मग घागरी कावून मोजतीस गं?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "बाई, प्रीती हिशेब ठेवत नाही."

मी म्हणाले, "आमचं शिवणं तर रोज मोजत्यात ह्ये."

गड्याने माझ्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी नाही. बैलगाडी भरून गेली.

घरी सासूने पाणी मागितलं. दिवसातली तिसरी वेळ. मी अर्धी वाटी दिली आणि विहिरीवरचं सांगितलं. सासूला अक्षर येत नव्हतं, पण आमच्या घरात येशूला तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. ती आढ्याकडे पाहत म्हणाली,

"त्यो गुरू असून चेल्यांचे पाय धुतले त्यानं. खाली बसून. त्याला प्रीती म्हंत्यात. ह्ये आपल्याच पाण्यानं आपल्याला धुवून काढायलेत. ह्येला काय म्हंत्यात, त्ये पाळकाला इचार."

मी विचारलं नाही. वहीतले एक ते अठरा खोडले.

सोमवारी मी कठड्यावर बसले. मागे आमच्या आठ बाया. गड्याला सांगितलं, "पानी हाय. आमच्या दोरानं, आमच्या हातून. घेनार आसंल तर भर." तो विचारायला गेला. गाडी रिकामीच परत फिरली. प्यायला पाणी नसलेल्या घराने आमच्या हातचं पाणी नाकारलं.

मंगळवारी सोसायटीने आमच्या बाराही घरांनी घातलेलं दूध परत केलं. चिठ्ठीत कारण लिहिलं होतं: पाण्याची भेसळ.

गुरुवारी सासू गेली. पाण्याने वाचली असती असं मी म्हणत नाही. जे मोजलं नाही ते मी सांगत नाही.

मातीवरून परत येताना पाळकसाहेब म्हणाले, मनात काही ठेवू नकोस.

"मनात न्हाई ठिवलं," मी म्हणाले. "वहीत ठिवलंय."

वही अजून आहे. विहिरीवर दोरही एकच आहे. ज्याला त्याचा विटाळ, त्याला पाणी नाही, मग तो कुणीही असो आणि कुणाच्याही नावाने मागो.

नऊ दिवसांत पोचलं ते असं. चेअरमनच्या गोठ्याला एकशे बासष्ट घागरी. दगडाला नऊ. दहाव्या दिवसापासून दोघांनाही शून्य.

सासूला एक. शेवटच्या अंघोळीला. ती मी ओतली, काठोकाठ भरून.