मुलीच्या नावाचं समन्स

एप्रिलमधल्या एका शनिवारी टपालात कोर्टाचा लिफाफा आला. वेस्ट विंडसरला आल्यापासून मला दोनदा ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे नागरिक म्हणून खटल्याचा निकाल द्यायला बसण्याचं, बोलावणं आलेलं, त्यामुळे लिफाफा ओळखीचा होता. आता तिसऱ्यांदा रजा टाकावी लागणार, असं पुटपुटत मी तो फाडणार, तेवढ्यात नाव दिसलं. नाव माझ्या मुलीचं होतं. पत्ता माझ्या घराचा.

माझी मुलगी या घरात राहत नाही. ती आठ वर्षांची असताना तिच्या आईला देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. आमचा घटस्फोट त्याआधीच झाला होता. मुलीला दुसऱ्या राज्यात न्यायला कोर्टाची परवानगी लागते. तिच्या आईनं ती मागितली, मी विरोध केला. फॅमिली कोर्टातल्या जजबाईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. माझ्या वाट्याला उन्हाळ्यातले सहा आठवडे आणि एक वर्षाआड डिसेंबरची सुट्टी आली.

मग मी मे महिन्यातच तिच्या खोलीच्या चादरी धुवायला लागायचो. ऑगस्टमध्ये तिला विमानतळावर सोडून आलो की त्या खोलीचं दार बंद करायचो. पहिली दोन वर्षं ते दिवाळीपर्यंत उघडलंही नाही. आता ती एकोणीस वर्षांची आहे, इथून गाडीनं काही तासांवरच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकते. अठरा पूर्ण झाल्यावर कोर्टाचा आदेश संपला. आता ती येते ती तिच्या मर्जीनं, चार दिवस, कधी तेवढेही नाही.

मला वाटलं, कोर्टाची काहीतरी चूक झाली. सोमवारी मी ज्युरी ऑफिसला फोन लावला. फोनवरच्या बाई सौम्य होत्या.

"ती तुमच्याकडे राहते का?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीत येते."

"सर, तिचं कायमचं घर कुठलं?"

इतका साधा प्रश्न, पण मी लिफाफ्यावरचं तिचं नावच पुन्हा वाचत बसलो. 'इथे नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण हे उत्तर तिनं स्वतः द्यायला हवं. तिच्या वतीनं तुम्हाला देता येणार नाही."

संध्याकाळी मुलीला फोन केला. ती कॅम्पस बसमध्ये होती.

"अरे हो, ते बरोबर आहे," ती म्हणाली. "मागच्या समरला तुझ्याकडे असतानाच मी व्होटिंगसाठी रजिस्टर केलं होतं. त्याच यादीतून ज्युरीची नावं घेतात."

"माझा पत्ता दिलास?"

"फॉर्मवर होम अ‍ॅड्रेस विचारला होता, बाबा. एकच टाकता येतो."

मी हातातला समन्सचा कागद सरळ केला. तीच म्हणाली, "तुझं घर कॉलेजपासून जवळ पडतं ना. चँडलरहून मी काय ड्यूटीला येणार?" मग तिनं स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरला, विद्यार्थी म्हणून तारीख पुढे ढकलून मागितली आणि जुलै मिळवला.

जुलैत तिला कोर्टात सोडायला मी गेलो. ती ड्राइव्ह करू शकत होती, तरी गेलो. ज्युरीच्या हॉलमध्ये बाकीच्यांना प्रवेश नसतो, म्हणून बाहेर हिरवळीवरच्या बाकावर बसलो. शेजारच्या इमारतीत फॅमिली कोर्ट होतं. तिथल्या पायऱ्यांवर एक बाई फोनवर कुणाला तरी समजावत होती, वकील लागतोच असं नाही, कागद स्वतः भरता येतात. मीही एकेकाळी ओळखीच्या काकांना असेच प्रश्न विचारत हिंडलो होतो. बापाला मुलगी मिळते का? किती दिवस?

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. मी डब्यात थालीपीठ आणि लोणी नेलं होतं. खाताना ती म्हणाली, "सकाळी व्हिडिओ दाखवला. बारा लोक ऐकतात, मग सगळे मिळून ठरवतात. तुमच्या केसमध्ये ज्युरी होती?"

"नाही गं. फॅमिली कोर्टात ज्युरी नसते. एकटे जज ठरवतात."

"आणि मला का नाही विचारलं?"

अकरा वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी खरं तेच सांगितलं. माझ्या वकिलानं सुचवलं होतं की मुलीला जजबाईंच्या केबिनमध्ये नेऊन बोलू देऊ, कदाचित ती तुमचं नाव घेईल. तिच्या आईचं आणि माझं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते इथे. तिला मध्ये ओढायचं नाही.

"नंतर पुष्कळदा वाटलं, विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी उत्तर तयार ठेवलं होतं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"एकाच रस्त्यावर दोन घरं. मधे फक्त एक मेलबॉक्स." ती हसली. "आय वॉज एट, बाबा. मला वाटायचं, जज तशी ऑर्डर देऊ शकतात."

तिनं बोटाला लागलेलं लोणी चाटलं, घड्याळ पाहिलं आणि माझ्या पाठीवर हलकी थाप मारून आत गेली.

तीनच्या सुमारास कोर्टानं तिला सोडलं. तिचा नंबर लागलाच नव्हता. खटला आपसात मिटला म्हणून सगळ्यांचे आभार मानून त्यांना घरी पाठवलं होतं. ती थोडी हिरमुसली. "मला खरंच कुणाचं तरी ऐकायचं होतं," म्हणाली.

गाडीत बसल्या बसल्या तिनं सीट मागे केली आणि डोळे मिटले. उद्या सकाळी ती स्टेट कॉलेजला परत निघणार होती, तिथे समर जॉब होता. घर वीस मिनिटांवर होतं. मी हायवे सोडला आणि शेतांमधून जाणारा लांबचा रस्ता धरला.

"हा रस्ता कुठला?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"घराकडेच जातो," मी म्हणालो, आणि गाडी आणखी हळू केली.