जुळवलेले डाग

बहारीनमधल्या सलमाबादच्या गोदामांमागे दुकान थाटलेले, रत्नागिरीचे ते शिंपीचाचा डाव्या-उजव्या बाजूची नक्षी जुळल्याखेरीज शिवण घालत नसत. नव्वदच्या दशकात तिथे आलेल्या एका डॅनिश अधिकाऱ्याने, वाळवंटासाठी तयार होत असलेल्या ठिपकेदार लष्करी कापडाचा नमुना-गणवेश त्यांच्याकडून शिवून घेतला. तो पसंत पडला, तरच पुढचे काम मिळणार होते. चाचांनी डागाला डाग असा जुळवला, की तो गणवेश घालून वाळूत लपलेला अधिकारी दुरूनच फुलपाखरासारखा उठून दिसला.

“चाचा, उसवा. वेडेवाकडे शिवा,” दुकानात काजे-बटणे करणाऱ्या मी माझ्या भिडस्त स्वभावानुसार हळूच सुचवले.

“दिसायचंच नाही, तर साहेबाला कपडे हवेत कशाला, भाऊ?”

तरीही त्यांनी उसवून बेढब शिवले. अधिकारी वाळूत दिसेनासा झाला आणि काम मिळाले. मात्र एकाही गणवेशाच्या कॉलरमागे चाचांनी आपल्या दुकानाच्या नावाची पट्टी लावली नाही.