ताहरला पाठवलेल्या ईदच्या शुभेच्छा

नाबेल गावचा हमादी म्हणजे संशयाने भरलेलं पिंप. कॉफीत साखर कमी लागली तरी त्याला वाटायचं, यामागे नक्की कुणीतरी आहे. नारिंगफुलांचा अर्क काढणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत तो ईमेलचा सर्व्हर सांभाळायचा, आणि नेमक्या या माणसाच्या सर्व्हरला जगाने चोर ठरवावं, काय गंमत बघा!

फुलं उमलायला आली होती. यंदा किती अर्क निघेल ते समुद्रापलीकडे मार्सेयच्या व्यापाऱ्याला वेळेत कळवलं नाही, तर तो माल दुसरीकडून घेणार. पण हमादीचं प्रत्येक पत्र उंबऱ्यावरूनच परत येई. सोबत शेरा: तुमचा सर्व्हर काळ्या यादीत आहे, लोकांच्या माथी जाहिराती मारतो.

हमादीचा संशय थेट मामेभावावर, लसादवर गेला. लसाद मातीची भांडी विकायचा आणि त्याचीही पत्रं याच सर्व्हरवरून जायची.

"तुझ्या त्या रांजणांनी गाव बुडवलं!"

"दादा, मी फक्त गिऱ्हाइकांना उत्तरं देतो. तू तर चिमणी ओरडली तरी माझ्याकडे बघतोस."

"मग तिला दाणे कोण टाकतं?"

हमादीने लसादची पत्रं बंद केली, तरी त्याची स्वतःची परतच येत राहिली. शेवटी त्याने काळी यादी चालवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर जाऊन जाब विचारला. उत्तर आलं: काही बंद पडलेले पत्ते आम्ही गळासारखे लावून बसतो. तिथे पत्र टाकेल तो उपद्रवी. तुमचं पत्र ईदच्या सकाळी आलं.

हमादी तरातरा लसादच्या दुकानात शिरला.

"ईदच्या सकाळी कुठे होतास?"

"मशिदीत, तुझ्या शेजारी. माझ्या नव्या चपला कुठून आल्या म्हणून तूच विचारत होतास की!"

मग हमादीला आठवलं. ईदला पहाटे उठून सगळ्या ओळखीच्यांना शुभेच्छा धाडायचा तो स्वतःच. एकही नाव गाळायचं नाही. गाळलं की रुसवा आलाच.

"त्यात ताहरही असेल," लसाद हळूच म्हणाला. ताहर दोघांचा दोस्त, एका हॉटेलात कारकून. आधी तो गेला, मग हॉटेलही बंद पडलं, आणि त्याबरोबर त्याचा तिथला ईमेलचा पत्ताही.

"मग? मेला म्हणून ईदला विसरायचं त्याला?"

"विसरू नकोस. पत्ता तेवढा काढ."

नाव पुसताना हमादीचं बोट फार वेळ अडलं. मग त्याने यादीवाल्यांना सगळं खरं लिहिलं. सर्व्हर सुटला, मार्सेयचा होकार आला. अर्काची पहिली बाटली घेऊन दोघे भाऊ ताहरच्या बायकोला ईद मुबारक म्हणायला निघाले, ईद कधीच सरली होती तरी.

वाटेत लसाद म्हणाला, "दादा, आता माझी माफी तरी माग."

"मागतो. पण आधी सांग, ताहरचं नाव तुला इतकं पटकन सुचलं कसं?"