हॅलोमावशीचे तीन राउटर

हॅलोमावशीला अर्धवट राहिलेलं बोलणं खपत नसे. गॅलरीत दोघी भांडत असल्या आणि एकीनं रागानं आत जाऊन दार आपटलं, की मावशी जाऊन ते दार वाजवायची. "बाहेर ये. तिचं पुरतं ऐकून घे, मग हवं तेवढं तोंड फिरव." भांडण मिटवायची तिला अजिबात हौस नव्हती. ते नीट पूर्ण व्हावं, एवढंच तिचं म्हणणं असे. फोनवर कुणी मध्येच "ठेवतो" म्हणून ठेवला, तर ती पुन्हा लावायची. "तुझं झालं असेल. माझं राहिलंय."

लालबागच्या एका गिरणीच्या ऑफिसात ती टेलिफोन बोर्डावर होती. समोर भोकाभोकांचा फळा, हातात वायरी, कानाला हेडफोन आणि दिवसभर "हॅलो, देते हं लाइन." गिरणी बंद पडली, बोर्ड भंगारात गेला, नाव तेवढं राहिलं. लग्न तिनं केलं नव्हतं. "सगळ्यांच्या लाइनी जोडता जोडता माझीच एंगेज राहिली," असं ती स्वतःच म्हणून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला शिल्लक राहू नये.

आमच्या चाळीचा तिसरा मजला म्हणजे अकरा खोल्यांची सरळ रांग. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला संडास. मावशीची खोली सहा नंबरची, बरोबर मधली. माझी आठ नंबरची. केबलवाल्यानं कनेक्शनबरोबर दिलेला एक लहानसा राउटर मावशीकडे होता आणि त्याचा पासवर्ड तिनं दाराबाहेरच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवला होता. पाणी किती वाजता येणार तेही त्याच पाटीवर असे. पासवर्ड असा उघड्यावर लिहायचा नसतो, असं मी तिला एकदा समजावायला गेलो. ती म्हणाली, "मग माणसांनी वाचायचा कसा?"

चाळ पाडून टॉवर होणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो, की त्याची भीती आणि आशा दोन्ही संपल्या होत्या. मग एकदा खरोखरच नकाशे आले. पुढे विक्रीचा टॉवर, मागे आमची इमारत. मोठ्या रस्त्यावरचं फाटक पुढच्या टॉवरवाल्यांना. आम्हाला मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, वेगळं दार. जागा पूर्ण, लिफ्ट दोन, टाइल्स चकचकीत, फक्त येणं-जाणं मागून. पुष्कळांना त्यात वावगं वाटलं नाही. मावशीनं नकाशा दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "माझ्या बापाची तिरडी मोठ्या फाटकातून गेली. आईची गेली. माझीही तिथूनच जाणार. माका मागचा दार नको." रागावली की ती मालवणीवर यायची.

बिल्डरच्या सभा तोवर पटांगणात होत असत. नेमक्या त्याच सुमाराला त्या मोबाइलवर होऊ लागल्या. सर्वांच्या सोयीसाठी, असं पत्रकात लिहिलं होतं. कुणाची सोय ते लिहिलं नव्हतं. शेजारी दोन उंच इमारती उभ्या राहिल्यापासून आमच्या मजल्यावर मोबाइलची रेंज येत नसे, त्यासाठी खाली उतरून जिन्याजवळ उभं राहावं लागे. म्हणून पहिल्या ऑनलाइन सभेला आम्ही अकराही भाडेकरू आपापले फोन घेऊन मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसलो. सगळे फोन एकमेकांचे आवाज पकडून असे किंचाळायला लागले, की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. बिल्डरच्या मॅनेजरनं आमचे आवाज सरळ बंद केले. आम्ही पळापळ करून आपापल्या खोल्यांत गेलो. तिथे तो ऐकू येत होता, पण आम्ही बोललो की आमची वाक्यं तुटत होती. मॅनेजर हसून म्हणत होता, "आवाज येत नाही, पुढे जाऊ या." आठ दिवसांनी सभेचं इतिवृत्त आलं. त्यात एक ओळ होती : तिसऱ्या मजल्याकडून आक्षेप आला नाही.

ती ओळ मावशीनं तीनदा वाचली. तिचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता. "एवढी वर्षं बोर्डावर बसले, माझ्या हातून एक लाइन तुटली नाही. आणि माझ्याच मजल्याचं बोलणं हा मेला तोडतो?" शेवटची सभा पंधरा दिवसांवर होती. त्या सभेत जे नोंदलं जाईल तेच करारात येणार होतं. "नितीन, तू कंप्युटरवर बसतोस ना? ऊठ. मोठा राउटर आणायला जाऊ."

मी एका विमा कंपनीत दिवसभर कंप्युटरसमोर बसतो. त्यामुळे वीज, टीव्ही, मोबाइल आणि मिक्सर यांतलं मला सगळं कळतं, असा मजल्याचा समज होता. खरं सांगायचं तर माझाही होता. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी रुबाबात शिरलो आणि सगळ्यात पॉवरफुल राउटर मागितला. दुकानदारानं काळं, चपटं, आठ अँटेनांचं धूड काउंटरवर ठेवलं.

"हा राउटर की कुर्ली?" मावशीनं विचारलं. तिच्या मालवणीत खेकडा म्हणजे कुर्ली.

"मावशी, फुल पॉवर आहे. तीन बेडरूम, हॉल, किचन, सगळं कव्हर. घर केवढं आहे आपलं?"

"दहा बाय बारा. पण मला अकरा घरं हवीत. जिन्यापासून संडासापर्यंत."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी उगाच मान हलवली.

"हा किती लांब बोलतो ते सांगितलंस," मावशी म्हणाली. "किती लांबचं ऐकतो?"

दुकानदार हसला. मीही हसलो. "मावशी, राउटर ऐकत नाही, सिग्नल देतो," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात. मावशीनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि कुर्ली पिशवीत घातली.

घरी आल्यावर कुर्लीला हळदकुंकू लागलं. मावशीच्या खोलीतली मानाची जागा म्हणजे मांडणी. तिच्या वरच्या फळीवर, मधोमध, घासून लख्ख केलेले स्टीलचे डबे आणि पितळी कळशी यांच्यामागे तिनं राउटर बसवला आणि धूळ बसू नये म्हणून वर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. आठ अँटेना रुमालातून डोकावत होत्या. पाच नंबर आणि सात नंबर सोडले तर एकाही खोलीत काही पोचेना. एवढ्या धातूच्या भिंतीआडून सिग्नल बाहेर पडणार कसा, हे निदान मला कळलं. मी तो उचलून दाराच्या चौकटीवर ठेवला, तेव्हा अकराच्या अकरा खोल्यांत फोनवर सगळ्या रेघा भरल्या. मजल्यानं माझं कौतुक केलं. दोन नंबरच्या काकूंनी शिरा पाठवला. तो मी खाल्ला.

मावशीनं मात्र दुसऱ्या दिवशी प्रत्येक खोलीतून वायफायवरून स्वतःला फोन लावून घेतला. ती सहा नंबरमध्ये बसली आणि एकेकाला म्हणाली, "बोल, शंभरपर्यंत आकडे म्हण." तीनपासून नऊपर्यंत आकडे सलग आले. एक, दोन, दहा आणि अकरा नंबरमधून सतराच्या पुढे थेट तेवीस यायचे. रेघा भरलेल्या, तिचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता, पण त्यांचा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मावशी चौकटीखाली उभी राहून त्या कुर्लीकडे बघत होती. "हा नुसता ओरडतो रे. त्या बिल्डरसारखा. तिथला बिचारा फोन एवढासा, त्याचा आवाज एवढासा. तो इतक्या लांबून याच्यापर्यंत यायचा कसा?" ती माझ्याकडे वळली. "मी दुकानात हेच विचारलं होतं."

मला भयंकर लाज वाटली. मी काहीतरी पुटपुटू लागलो, पण ती पुढे गेली होती. "गिरणीतून सावंतवाडीला ट्रंक कॉल लावला, की तो थेट कधी गेला का? मध्ये पुण्याची बाई, मग कोल्हापूरची बाई. प्रत्येकीनं आपल्यापुरतं ऐकायचं आणि पुढे द्यायचं. लांबच्यासाठी मोठ्यानं ओरडायचं नसतं, मध्ये माणूस बसवायचा असतो. एक मोठा नको. तीन लहान हवेत. आणि त्यांच्यामध्ये वायर."

माझ्या सगळ्या कंप्युटरज्ञानात एवढी साधी गोष्ट नव्हती. आम्ही कुर्ली घेऊन पुन्हा दुकानात गेलो. "खोका फुटला, मावशी, आता वापस नाही होणार," दुकानदार म्हणाला. "खोका फुटला, वस्तू शाबूत आहे," मावशी म्हणाली. "मी प्रश्न बरोबर विचारला होता, तू उत्तर न देता हसलास." तिनं स्टूल ओढलं आणि काउंटरला टेकून बसली. एवढ्यात दुकानातला फोन वाजला. दुकानदार वर माळ्यावर काही काढत होता. मावशीनं रिसीव्हर उचलला. "हॅलो. हो, राउटरचंच दुकान. घरात भिंती किती? जाड आहेत? मग मोठ्याच्या नादी लागू नका हं." असे तिनं तीन फोन घेतले. चौथ्याची घंटा वाजली तेव्हा दुकानदारानं हात जोडले आणि तीन लहान राउटर पिशवीत भरले.

दोन नंबर, सहा नंबर, दहा नंबर. सणाला आंब्याची पानं बांधायचे खिळे प्रत्येक चौकटीवर होतेच, त्यांवरून वायर गेली. वाळत घालायच्या काठ्यांच्या वरून, मीटरच्या पेट्यांना वळसा घालून. रुमाल कुणीही घालायचा नाही, डबे समोर ठेवायचे नाहीत, आणि सभा चालू असताना दारं उघडी ठेवायची, अशी तीन कलमं पाटीवर खडूनं आली. दहा नंबरवाल्यांनी तरीही राउटर मांडणीत नेऊन ठेवला होता. "देव्हाऱ्याच्या वर बरं दिसतं," ते म्हणाले. मावशीनं तो स्वतः खाली आणून चौकटीवर ठोकला.

सभा रविवारी अकराला होती. अकरा दारं सताड उघडी, अकरा माणसं आपापल्या उंबऱ्याशी फोन घेऊन बसलेली. मॅनेजरनं नकाशा वाचला, विकास वाचला, सोयी वाचल्या. शेवटी, उत्तर येणार नाही अशा खात्रीनं, त्यानं विचारलं, "तिसऱ्या मजल्याचं काही?"

"रूम नंबर एक. मला मागचं दार मान्य नाही."

जिन्याजवळचे तात्या सांबरे. दम्याचा माणूस, तरी शब्द सुटा सुटा गेला. मग दोन नंबरच्या काकू. मग तीन. पाच नंबरला मॅनेजर म्हणाला, "तुमचा आवाज येत नाहीये."

तेव्हा मावशीचा आवाज आला. घरातला नव्हे, बोर्डावरचा. गोड, सपाट आणि न हलणारा. "आवाज जातोय, साहेब. मी ऐकतेय, सगळी ऐकतायत. पाच नंबर, पुन्हा सांगा. साहेब, तुम्ही कागदावर घ्या."

पाच नंबरनं पुन्हा सांगितलं. सहा नंबर ती स्वतः. मग सात. मग मी. माझंही वाक्य पूर्ण गेलं. अकराव्या खोलीचं झाल्यावर मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, नोंद घेतली." सगळ्यांना वाटलं, संपलं.

"माझं राहिलंय," मावशी म्हणाली. "वाचून दाखवा."

त्यानं वाचून दाखवलं. अकराही नंबर, एकेक करून. चौथा गाळला, तर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. नंतर दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "आम्हालाही मान्य नाही." मग पहिल्यावरून. करार आला तेव्हा त्यात मोठं फाटक सगळ्यांचं होतं.

चाळ रिकामी करताना मावशीनं राउटर वाटून टाकले. एक तात्यांना, एक दहा नंबरला, एक मला. वायर गुंडाळून तिनं स्वतःकडे ठेवली. "नवीन जागेत लागेल," म्हणाली. तिला भाड्याची खोली माझगावला मिळाली होती, आम्ही चिंचपोकळी, परळ, वरळी असे विखुरलो. ती रोज संध्याकाळी कुणा ना कुणाला फोन करायची आणि बोलणं पूर्ण झाल्याशिवाय ठेवायची नाही. एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन मला आला. मावशी उठलीच नव्हती.

इमारत अजून जमिनीतून वर आली नव्हती. लालबागला हिरवे पत्रे, आत खड्डा. शववाहिनीचा रस्ता तिकडून जात नव्हता. ड्रायव्हरला आम्ही वाट वाकडी करायला लावली. तिसऱ्या मजल्याची यायची तेवढी सगळी माणसं मोठ्या फाटकापाशी आधीच उभी होती. वॉचमन म्हणाला, "अंदर जाना मना है. साहेबांना विचारावं लागेल."

"विचार," मी म्हणालो.

"साहेब फोन उचलत नाहीत."

मला त्याच्यावर राग नव्हता. पण मी फाटकासमोरून हललो नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रूम नंबर आठ. मला बंद फाटक मान्य नाही." मागून तात्यांचा दमेकरी आवाज आला, "रूम नंबर एक." मग दोन, मग पाच, मग अकरा. सहा नंबरपाशी कुणी बोललं नाही. तेवढी जागा आम्ही सोडली. वॉचमननं गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि कडी काढली.

आत चिखल होता आणि गाडी जेमतेम मावेल एवढीच जागा. आम्ही मिनिटभर थांबलो. मावशी मोठ्या फाटकातून आत गेली आणि मोठ्या फाटकातूनच बाहेर पडली.