मुक्याच्या हाती बटवडा

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगतो. एकटा माणूस काय काय खुळेपणा करतो, ऐका!

कोल्हापुरात माझा ऑइल इंजिनाचे भाग ओतायचा कारखाना. स्वातंत्र्यानंतर इंजिनांना अशी मागणी आली की बघता बघता एका शेडला दुसरी शेड लागली. गड्यांची नावं लक्षात राहीनात! पण घरात? घरात मी आणि भिंती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही.

त्यामुळं माझा सण एकच, शनिवारचा बटवडा. आठवड्याचा पगार मी स्वतःच्या हातानं द्यायचो. एकेक गडी टेबलापुढं यायचा, मी विचारायचो, "म्हैस व्याली काय रं? पोरीचं जमलं काय?" तो सांगायचा, मी ऐकायचो. आठवडाभराचं बोलणं त्या एका संध्याकाळी बोलून घ्यायचो. खोटं कशाला सांगू, रविवारी मग घर खायला उठायचं.

पुढं आमचे मुनीम थकले आणि कागलला लेकाकडं गेले. त्यात सरकारचा तो नवा फंड! कुणाचा किती कापायचा, जादा तासांचं काय, माझं डोकं बधिर झालं. शेवटी ठरवलं, हे काम बाहेर कुणाला तरी देऊन टाकायचं. हिशेबही त्यांनीच करायचा, बटवडाही त्यांनीच.

दोघंजण भेटायला आले. पहिला पेठ वडगावचा. काय बोलायचा हो! चहा संपायच्या आत त्यानं माझं गाव, कूळ, गुडघेदुखी, सगळं काढून घेतलं. दुसरा जयसिंगपूरचा. मी विचारलं, "कितीजण येणार?" म्हणाला, "मी." "चुका होतात काय?" म्हणाला, "न्हाय." संपलं!

शहाणा माणूस अशा वेळी दर बघेल, चार ठिकाणी चौकशी करेल. मी काय बघावं? मला वाटलं, हा वडगावकर पगाराच्या खिडकीत बसला तर माझे सगळे गडी पळवणार. सगळे त्याच्याशीच गप्पा मारतील, मग मला कोण विचारतंय? त्यापेक्षा हा मुका बरा. गडी पैसे त्याच्याकडनं घेतील आणि बोलायला माझ्याकडं येतील. काय डोकं चालवलं, नाही?

पहिला शनिवार आला. मी चहाची किटली भरून खोलीत बसलो. एक गडी आत येईल तर शपथ! बाहेर खिडकीपुढची रांग सरसर सरकत होती. राहवेना, म्हणून गेलो आणि रांगेच्या शेपटाला उभा राहिलो. कुणीतरी दोन शब्द बोलेल, एवढीच आशा.

तिथंच घात झाला! आमच्याकडं रीत अशी, की ज्याच्या हातनं बटवडा तोच मालक. गड्यांनी जयसिंगपूरकराला विचारलेलं, "साहेब, कारखाना तुमी घेतला काय?" तो गप्प. "म्हंजे आमच्या मालकांनी विकला?" तरी गप्प. गप्प बसतो म्हणूनच तर मी त्याला नेमलेला! आणि आता खुद्द मालक पगाराच्या रांगेत!

रविवारी दुपारी दारात बाबू मिस्त्री उभा. भट्टीवरचा आमचा सगळ्यात जुना माणूस. डोळे लाल, मागं निम्मा कारखाना, आणि बायकांच्या हातात तांबड्या रश्श्याचं पातेलं, भाकरीची दुरडी.

"मालक, काळजी करू नगा. कारखाना गेला तर गेला, आमी हाय की!"

"अरे, पण..."

"काय बोलू नगा. आदी जेवा."

दोन घासांतच मला सगळा उलगडा झाला. सांगायला पाहिजे होतं ना, की बाबांनो, मी काही विकलेलं नाही? तोंड उघडलं होतं मी. पण बाहेरच्या सोप्यात पोरं धुडगूस घालत होती, बायका माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवत होत्या, कुणीतरी खदाखदा हसत होतं. माझ्या घरात! मी तोंड मिटलं आणि आणखी रस्सा मागितला.

सोमवारी भट्टी पेटलीच नाही. सगळे गडी फाटकाबाहेर मांडी घालून बसलेले. "नव्या मालकाच्या हाताखाली आमी काम करणार न्हाय!"

संप! माझ्यासाठी, माझ्याच कारखान्यात!

मी ओरडलो, "अरे, मीच मालक हाय!"

"व्हय की! आमच्यासाठी तुमीच मालक!" असं म्हणून बाबू हुंदके द्यायला लागला.

अंबाबाईची शपथ घेतली, तरी पटेना. अखेर बाबू म्हणाला, "मग शनिवारी सवताच्या हातानं बटवडा करा. तवा खरं मानू."

मला तर तेच पाहिजे होतं! भट्टी पेटली. जयसिंगपूरकराला नुसत्या हिशेबापुरता ठेवला. शनिवारी इस्त्रीचा कोट घालून मी टेबलाशी बसलो. कित्ती बोलायचं साठलं होतं! पहिलाच बाबू आला.

"काय बाबू, सून माहेरासनं आली काय?"

"आली."

"आणि जावयाचं काय?"

बाबू चुळबुळला. मागनं आवाज आला, "मालक, आवरा की! बाजार उठंल!" आणखी कुणीतरी म्हणालं, "त्या जयसिंगपूरच्या पावण्यानं लई झटपट दिलं हुतं!"

माझा चेहरा उतरला. मी हळूच विचारलं, "बाबू, इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्याशी बोलत होता की रे?"

"वाईट वाटून घिऊ नगा, मालक," बाबू टेबलावर वाकून म्हणाला, "पर पगार तुमच्या मुठीत असायचा. बोलल्याबिगर तुमी सोडताय कुठं?"