भाऊजींचं ड्रोन आणि माझी खुडूक कोंबडी

ड्रोन माझ्या खुडूक कोंबडीच्या पाटीत घुसलं, तेव्हा आमचे भाऊजी अंगणात मधोमध उभे राहून उजवा पाय जमिनीवर दाबत होते. ब्रेक मारत होते. हवेतल्या यंत्राला, पायाने. पाटीत तेरा दिवस उबवलेली अकरा अंडी होती. घार आली समजून कोंबडी त्याच्यावर उसळली आणि पात्यांत मान सापडून जागच्या जागी मेली. चार अंडी फुटली. मी हातातला झाडू भाऊजींना फेकून मारला. तो लागला, याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

माझ्या या धाकट्या दिराइतका हेकट माणूस भोर-वेल्ह्यात शोधून सापडायचा नाही. तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. वरंध घाटात गाडी घातली पण कुणाला खरचटू दिलं नाही, हे पाहुण्याने पाणी पिण्याआधी त्याला ऐकावं लागतं. रिटायर होऊन पासलीला आमच्या शेजारी राहायला आले, तरी गाडी काही सुटली नाही. म्हैस गोठ्यात मागे सरकवायची तर तिच्या पाठीवर दोन थापा मारून "येऊ द्या, येऊ द्या मागं" म्हणतात. म्हैसही सरकते, म्हणून त्यांना वाटतं जग असंच चालतं.

पुण्याच्या लेकीने विरंगुळा म्हणून त्यांना ते छोटं ड्रोन आणून दिलं. यंत्र बिचारं शहाणं होतं. हात सोडले की आपोआप सरळ होऊन तिथल्या तिथे तरंगायचं. यांनी दुसऱ्याच दिवशी ती सोय बंद केली. का, तर "आपोआप सांबाळणारी गाडी चालवायला डायवर कशाला? शेळी बी चालवंल." मग ते यंत्र जिकडे कलंडलं तिकडे तसंच जायचं. रिमोटवरची काडी उलट बाजूला दाबून त्याला सरळ करावं लागे आणि नेमके घाबरले की हे काडी सोडून पाय दाबत. पात्यांभोवतीची जाळीही वजन होतं म्हणून काढून टाकली. महिनाभरात ड्रोन दोडक्याच्या मांडवात अडकलं, पेंढ्याच्या गंजीत रुतलं, एकदा वाळत घातलेल्या माझ्या लुगड्यात गुरफटलं. लुगडं फाटलं. दर वेळी म्हणायचे, "वैनी, आता हात बसतोय." हात काही बसला नाही. कोंबडी मात्र बसली होती, म्हणून पडवीकडे फिरकायचं नाही असं मी बजावून ठेवलं होतं. "व्हय" म्हणाले होते.

मी चूल पेटवेपर्यंत त्यांनी कोंबडी परसात पुरूनही टाकली. मी रस्सा करणार होते. त्याने माझं डोकं आणखीच फिरलं.

उरली सात अंडी. ती टाकून द्या म्हटलं तर ऐकेनात. खोक्यात पेंढा घातला, वर बल्ब टांगला. आमच्याकडे वीज येते कमी आणि जाते जास्त, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. अंडं पापणीला लावून ऊब कशी बघायची, दिवसातून तीनदा कसं फिरवायचं, ते मीच सांगितलं. अंड्यांचा काही दोष नव्हता. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःचा कप विसळला नाही, ते आठ दिवस त्या खोक्यापुढून हलले नाहीत. अंड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ड्रोन खुंटीला लटकत होतं, त्याच्याकडे बघतही नव्हते. मी म्हटलं, आता यातून काही निघत नाही, उठा, दोन घास खा.

खाली मान घालून म्हणाले, "घाटात पाशिंजर टाकून डायवर उतरत न्हाई, वैनी."

मी ताट तिथेच नेऊन आदळलं. राग माझा अजून गेलेला नाही.

एकविसाव्या दिवशी सातांतली पाच फुटली. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं. चार जगली.